एका वेळी एकच बदल

२ मार्च
आले बाई एकदाची पुण्यात! मांजरीतली ही इमारत इतकी नवी आहे की जिन्याच्या कठड्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, ओटा आणि गॅलरी. गॅलरीसमोर ऊस, उसापलीकडे आणखी इमारती. मालकीण तुळजाबाई तळमजल्यावरच राहतात. एकटीच हाय का गं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सध्या एकटी, जूनपासून दोघी.

दुसरी म्हणजे माझी पूर्वा. वय वर्षं आठ. तिला वर्ध्याला आईजवळ ठेवून आले. निघताना रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ती रडली नाही, मीच रडले. काम घरूनच आहे: डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट हेडफोनवर ऐकायचे आणि टाइप करायचे. कॉम्प्युटर आपला आपण घ्यायचा. तीन महिने नीट पार पडले की हेमाबाई कायम, आणि मग पूर्वाची शाळा इथे. तीन महिने काय, असे जातील.

५ मार्च
हडपसरच्या शंभूच्या दुकानातून कॉम्प्युटर आला. प्रोसेसर दमदार, मदरबोर्ड मात्र सगळ्यात स्वस्तातला. शंभू पक्का पुणेकर. म्हणाला, घोडा शर्यतीचा घेतलात आणि जुंपलात मोडक्या टांग्याला. मी म्हटलं, चालवून राहिले ना मी! तर म्हणे, राहिलात ते मांजरीला ना? मेला.

पूर्वाला फोनवर खोली दाखवली. तिची गादी खिडकीखालीच घालायची, हे तिने ठरवूनही टाकलं.

११ मार्च
काम चालू असताना पडदा काळा होतो आणि मशीन आपलं आपण रीस्टार्ट होतं. दोन दिवसांत पाचदा. आमचे साहेब रणजित यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं की काम असं तुटलं की नोंद आपोआप होते, आणि मे महिन्यात मशीन दिवसरात्र जोडलेलं हवं, एकही नोंद नको, नाहीतर कायम करता येणार नाही. गोड आवाजाच्या माणसांची मला पहिल्यापासून धास्तीच आहे.

शंभू येऊन गेला. प्रोसेसर मागतो तेवढी वीज हा बोर्ड पुरवू शकत नाही, मागणी वाढली की मान टाकतो, असं त्याचं म्हणणं. त्याने सेटिंगमध्ये प्रोसेसरची वीज कमी केली, बोर्डाचा मूळ प्रोग्राम, बायोस, तोही नवा घातला. जाताना बजावलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. दोन बदलल्यात तर कशाने बरं झालं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मी ही वहीच त्याला वापरते.

२४ मार्च
रॅम बदलली, तोच त्रास. पॉवर सप्लाय बदलला, तोच त्रास. शेवटी अख्खा मदरबोर्ड बदलला. तोच त्रास! मग शंभूने मशीन दोन दिवस दुकानात नेऊन ठेवलं. तिथे न चुकता चाललं. ताई, त्याला तुमच्याकडे करमत नाही, म्हणाला.

ते दोन दिवस खोलीत इतकं सुनं वाटलं! परत आणून लावलं, त्याचा पंखा सुरू झाला आणि घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं. लिहायलाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

२ एप्रिल
एका बाजूला रीस्टार्टच्या वेळा लिहिल्या, दुसऱ्या बाजूला तेव्हा मी काय करत होते ते. सोमवार ११.४०, तुळजाबाई पिठलं घेऊन आल्या. मंगळवार ४.१५, पूर्वाचा फोन. बुधवार, पूर्वाचा फोन. शनिवार, तुळजाबाई. मी एकटी असताना एकदाही नाही.

दुकानात तर दिवसभर माणसांची वर्दळ. तिथे मीच काय ती नव्हते. म्हणजे त्याला माणसांचं वावडं नाही. माझ्याजवळ कुणी आलेलं त्याला चालत नाही.

शुद्ध वेडेपणा आहे. पण पद्धत ती पद्धत. पहिला बदल: तुळजाबाईंना वर येऊ नका म्हणून सांगते.

११ एप्रिल
तुळजाबाई रागावल्या. डबा दाराशी ठिवत जाईन, तोंड नको दावूस, म्हणाल्या. वाईट वाटलं. पण आठवडाभरात रीस्टार्ट फक्त पूर्वाच्या फोनच्या वेळी.

काल उसाच्या बांधापर्यंत चालत गेले आणि तिथून तिला फोन लावला. परत येऊन पाहिलं. फोन लागला ५.१०. मशीन रीस्टार्ट ५.१०.

२१ एप्रिल
पूर्वाला सांगितलं, मेअखेरपर्यंत फोन नाही. ती म्हणाली, आई, मी काय केलं? काही नाही गं माझी राणी, तू काही नाही केलं. तेवढ्यात मागे पडदा काळा झाला.

२७ एप्रिल
मोबाइल सहा दिवस बंद. मशीन सहा दिवस उत्तम. आज ६.०५ ला रीस्टार्ट. घाबरून मोबाइल चालू केला तर आईचा निरोप: पोरीला ताप आहे, सहा वाजल्यापासून तुझ्या नावाने रडून राहिली.

मी आईला फोन करून सांगितलं की तिला माझं नाव काढू देऊ नको. आईने विचारलं, हेमा, बरी आहेस ना तू?

२ मे
तिचा फोटो पालथा केला. पाहिला की पंखा वाढतो.

१० मे
आठवण आली तरी वाढतो. म्हणून नाव लिहीत नाही. मागची पानं स्टेपल केली. उघडायची नाहीत.
एकही नोंद नाही.

१७ मे
मशीन खिडकीखाली ठेवलं. तिथे काहीतरी घालायचं होतं, पण जागा रिकामीच आहे. इथे गार राहतं. पंखा किती हळू, किती शहाण्यासारखा —

दिवसभर त्याच्याशीच बोलते. एवढं त्याला चालतं.

२५ मे
दाराशी डबा. रोज असतो. कोण ठेवतं?
विचार करायला नको. पंखा —
नाही. ठीक आहे.

३१ मे
मेल आला! कायम झाले! महिनाभरात एकही नोंद नाही. त्याच्यावर हात ठेवून बसले. गार आहे.

कायम झाल्यावर काहीतरी आणायचं होतं. यादी केली नाही कुठे. पडदा? गादी? की —

दार वाजतंय. खालच्या बाई ओरडताहेत, पोर आलीया वर्ध्यावरनं, उघड की गं. कुणीतरी म्हातारी रडते आहे. आणि एक लहान मुलगी, आई, आई —

पंखा वाढतोय.

कुणाची पोर आहे ही? किती जोरात दार वाजवते. हात दुखतील तिचे. जाऊन सांगायला हवं, बाळा, इथे मी एकटीच राहते, तू चुकून माझ्या —