दोघांत एक फळी

मी, एकनाथ कुंडलिक म्हेत्रे, वय ७४, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कान थोडे गेलेत. अक्कल जागेवर आहे. मुलगा हृषीकेश याला शंका असल्यास त्याने ती आपल्या मोबाईलला विचारावी.

१. राहते घर पत्नी सरोजिनी हिच्या एकटीच्या नावे. हृषीकेशला ते विकून सोलापुरात हौद बांधायचा आहे. बटण दाबले की लाट येणार म्हणे! इथे नळाला पाणी कधी येईल म्हणून गल्ली घागरी मांडून बसते, आणि हे चिरंजीव लाटा विकणार. लाज कशी वाटत नाही?

२. लाटा मोजणारे मनगटी घड्याळ, जे त्याने मला वाढदिवसाला दिले, ते त्यालाच परत. मी जेवायला बसलो की ते मला उठून चालायला सांगते.

३. मालवणला त्याची सर्फिंगची शाळा आहे. तिला माझे नाव देऊ नये. तिथली पोरे पाण्यातून बाहेर आली की आधी ड्रोनमध्ये आपण कसे दिसलो ते बघतात. लाट कुणाची यावर भांडण झाले की व्हिडिओ लावून निकाल. आमच्या वेळी नुसता हात वर केला की पुरे व्हायचे. समुद्र समोर, आणि सगळ्यांच्या माना खाली. थू!

४. सावरीच्या लाकडाची सहा हात लांब फळी. सांगोल्याचा धुळा आणि मी, दोघेही पोस्टात. ऐन तरुणपणी बदली मालवणला. टँकरच्या पाण्यावर वाढलेली आम्ही माणसे, समुद्र बघून येडी झालो. होड्या करणाऱ्या सुताराकडून ही एकच फळी करून घेतली. पहिली लाट आळीपाळीने घ्यायची, आणि ज्याची पाळी तो आल्याशिवाय दुसऱ्याने फळी ओली करायची नाही. निवृत्तीनंतरही आम्ही दरसाल चार दिवस मालवणला जायचो. हा नियम कधी मोडला नाही.

तीन वर्षांमागे पाळी माझी होती. मी हृषीकेशकडे, आणि धुळा फळी घेऊन खाडीपलीकडे ओळखीच्यांकडे उतरलेला. फोन बाळगत नसे. पहाटे मी निघणार, तर हृषीकेश मोबाईल पुढे करून म्हणाला, "आप्पा, आज समुद्र सपाट आहे. उगाच तंगडतोड कशाला?" समुद्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय चहा न घेणारा मी, पांघरूण ओढून झोपलो.

दुपारी धुळा फळी खांद्यावर घेऊन आला. फळी कोरडी ठणठणीत.

"लाटा लई झ्याक हुत्या की. कुटं हुतास?"

"ताप आला होता," मी म्हणालो.

त्याने माझ्या कपाळाला हात लावला. "गार हाय की," म्हणाला आणि फळी भिंतीला लावून गेला.

चार महिन्यांनी धुळा वारला. दहाव्याला त्याची बायको रंभाबाई मला म्हणाली, "भावजी, तवाचा ताप लई मोटा हुता व्हय? शेवटपातुर इचारत हुते." मी मान हलवून हो म्हणालो.

सबब ही फळी रंभाबाईला द्यावी. हृषीकेशला ती शाळेच्या दारावर टांगायची आहे; टांगू नये. त्याने ती स्वतः सांगोल्याला न्यावी आणि मोबाईल खिशात ठेवून तिला सांगावे, की "आप्पांना ताप नव्हता. समुद्र सपाट आहे असे माझ्या मोबाईलने सांगितले आणि त्यांनी ऐकले." पोराला मी इतकी नावे ठेवली, पण त्या दिवशी अंथरुणात मी होतो. तिच्यासमोर हे बोलायची मला हिंमत झाली नाही.

स्थळ : सोलापूर. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५.

(सही) एकनाथ कुंडलिक म्हेत्रे

साक्षीदार :
१. उदयसिंह बाबुराव निंबाळकर (सही)
२. भुवनेश्वरी विरेश कोरे (सही)

दुरुस्ती, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर : साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. उदयसिंहने सगळा वाचला आणि म्हणाला, "मास्तर, सांगोला काय परदेशात हाय व्हय?"

सबब कलम ४ मधील हृषीकेशचे काम रद्द. उद्या सकाळचा टेंपो सांगितला आहे. फळीबरोबर मी स्वतः जात आहे. मला ताप नाही.

(सही) ए. कुं. म्हेत्रे