मधली लाइन

५ जानेवारी, रविवार
पाच वर्षं रग्बी असोसिएशनच्या मैदानावर चुन्याच्या लाइन मारल्या. टीममध्ये एकदाही घेतलं नाही. बास! आता आपली स्वतःची प्रोफेशनल लीग. मुळशी रग्बी लीग. असोसिएशनला ईमेल टाकला. बंदी येणार. येऊ दे, पेपरात नाव येईल.
बायकोनं, सुलक्षणानं बजावलं, सव्वीस तारखेच्या पहिल्या मॅचला फुसका बार निघाला तर मुकाट्यानं तिच्या पप्पांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. बिनधास्त हो म्हटलं.

९ जानेवारी
ग्राउंड मिळालं. ताम्हिणीत गेणू आणि बहिरू या चुलतभावांची भातखाचरं. मधला बांध काढला की फुल साइज. वीस वर्षं दोघांचं बोलणं नाही म्हणे. वेगवेगळा भेटलो. दोघांचा एकच प्रश्न, बांदाची जागा कुणाकडं जानार? दोघांनाही म्हटलं, तुमचं नुकसान नाही. दोघंही खूश.

१२ जानेवारी
जेसीबीनं बांध उडवला. गेणूच्या डोळ्यांत पाणी. खेळावरचं प्रेम.

१७ जानेवारी
पहिली प्रॅक्टिस. गेणूची पोरं विरुद्ध बहिरूची. टॅकल शिकवावं लागलंच नाही. पाच मिनिटांत दोन दात आणि अर्धा कान. बॉल बॅगेतून काढायचा राहिला. शेजारच्या ढाब्यावरून ढाबेवाली चिमाबाई मला ओरडली, आरं इश्राम, ह्यो खेळ न्हाई, बांदाचं भांडान हाय. म्हातारीला रग्बीतलं काय कळतंय!

२० जानेवारी
काल हाफवे लाइन, म्हणजे मधली, जुन्या बांधाच्या जागी मारली. सकाळी ती बहिरूकडं दोन हात सरकलेली. पुन्हा मारली.

२१ जानेवारी
आज गेणूकडं तीन हात. जमीन उन्हानं ताणत असावी. माझी लाइन कधी चुकत नाही.

२४ जानेवारी
असोसिएशन गप्प. टरकली.

२६ जानेवारी
झेंडावंदन. शिट्टी. गेणूनं बहिरूला उचलून आपटला. बहिरूच्या पुतण्यानं पहार काढली. पहार रूलमध्ये बसत नाही हे सांगायला मी मध्ये गे

२९ जानेवारी, हॉस्पिटल
डाव्या हातानं लिहितोय. उजवा तीन ठिकाणी मोडला. जबडा तारेनं बांधलाय. टाके: गेणूकडं अठ्ठावीस, बहिरूकडं एकतीस. चुरशीची मॅच! पोलिसांनी पहार, दोन कोयते आणि बॉल जप्त केला. बॉल बॅगेतच होता.
संध्याकाळी हवालदार सांगून गेले, दोघा भावांनी वीस वर्षांत पहिल्यांदाच एका कागदावर सह्या केल्या. तक्रार माझ्यावर. बांध फोडला म्हणून. लीगनं माणसं जोडली.

१० फेब्रुवारी
असोसिएशनचं उत्तर आलं! बंदी नाही. मॅचचा व्हिडिओ बघितला, त्यात रग्बी कुठंच दिसली नाही, त्यामुळे बंदी घालता येत नाही, असं लिहिलंय. लाइन मारायला मात्र दुसरा माणूस घेतलाय.

११ फेब्रुवारी, टाइल्सचं दुकान
बोलता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकांपुढं बसवलं नाही. सासऱ्यांनी खडू दिला, नमुन्याच्या फरशा लावायला जमिनीवर एक सरळ लाइन मारा म्हणाले. ती तर आपली खासियत. मारली.
सासऱ्यांनी लाइनीला एक फरशी लावून बघितली. मग म्हणाले, जावईबापू, वाकडी आलीय.