सहा बार, सहा डबे

४ ऑगस्ट, रविवार
चर्चनंतर आईकडे जेवण. बाबांना जाऊन पाच महिने झाले, तरी त्यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर अजून खणात मोज्यांखाली पडून आहे. ते मलाही हवंय आणि धाकट्या मर्नालाही. आईने आज कंटाळून निकाल दिला. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला दगडखाणीवर सालाबादप्रमाणे सगळे नेमबाजीला जमतील, तेव्हा प्रत्येकी सहा बार, सहा डबे. ज्याचे जास्त डबे पडतील त्याने न्यावं. मात्र काडतुसं घरी भरलेली, गोळ्या घरी ओतलेल्या. दुकानातली आणलीत तर दोघांनाही नाही, चर्चच्या लिलावात देऊन टाकेन, म्हणाली.

मर्नाची कीव आली. ती दातांच्या कवळ्या बनवते, तिला ओतकामातलं काय कळणार? मी लहानपणापासून बाबांच्या हाताखाली तयार झालो. सगळ्यात जबाबदारीचं काम माझ्याकडे असायचं: उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गवतातून वेचणं.

आईने नमुना म्हणून गोळ्यांनी भरलेला कॉफीचा डबा दिला. एकेक गोळी गुळगुळीत, दुसरीसारखीच. मी म्हटलं, बाबांचा हात लपत नाही. आई काही बोलणार होती, पण मी बोलत होतो. मर्ना गालात हसली. हसू दे.

१० ऑगस्ट, शनिवार
संकल्प: रोज साडेपाचला उठून ओतकाम.
टायरवाल्या हॉबर्टकडून चाकांचा तोल साधायला लावतात त्या शिशाच्या वजनांचं बादलीभर भंगार आणलं. हॉबर्ट म्हणाला, डेलबर्ट, हल्ली त्यात जस्ताची वजनं पण येतात बरं का, निवडून घे. मी म्हटलं, शिसं मला वासावरून कळतं.

११ ऑगस्ट, रविवार
जस्त निघालं. अख्ख्या रसाचा ओटमीलसारखा लगदा झाला. लोरेटाचा लोखंडी तवा कायमचा गेला. (शेडमध्ये दुसरं भांडं नव्हतं. बायकोला विचारायला वेळही नव्हता.) लोरेटा म्हणाली, वासावरून कळतं ना तुला सगळं, मग आता या तव्यात भाजायचे ती बिस्किटं पण वासावरच खा. जेवायला पाव आणि गार बीन्स.
चूक हॉबर्टची. नीट बजावायला हवं होतं.

१७ ऑगस्ट, शनिवार
साडेनऊला उठलो. आठवडाभर तब्येत जपणं जरुरीचं होतं.
नवं भांडं, निवडलेलं शिसं. पहिल्या वीस गोळ्यांवर सुरकुत्या. हॉबर्ट म्हणाला, साचा गार आहे, तापू दे की जरा. मी म्हटलं, सुरकुत्यांनी हवा कापली जाते. तो टोपी उचलून निघून गेला. पटलं असणार.

२४ ऑगस्ट, शनिवार
चाळीस ओतल्या, एकतीस परत वितळवल्या. नऊ उत्तम. लागतात सहाच.
कॉफीच्या डब्यातल्या गोळीशेजारी एक ठेवून पाहिली. उजेड बरोबर नव्हता.

३१ ऑगस्ट, शनिवार, दुपार
आज काडतुसं भरायची. बाबांचा एक नियम होता: पुंगळ्या ओळीने लावायच्या, दारू घालायची आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत बॅटरी मारून बघायचं. त्यांना तरी रेडिओ बंद करून बसावं लागायचं. मी फुटबॉल ऐकत ऐकत भरतो.
चौथ्या पुंगळीला आपल्या पोरांनी चेंडू घालवला. उठून रेडिओला चार शब्द सुनावले आणि पुन्हा बसलो. बॅटरीचे सेल संपले होते. पण माझ्या हाताला अंदाज आहे.

२ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६
स्वतःहून जाग आली. भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर रिव्हॉल्व्हरसाठी जागा केली. सासूबाईंचा फोटो तात्पुरता कपाटात.

२ सप्टेंबर, संध्याकाळ
थोरला म्हणून आधी मी.
पहिला बार: धूळ उडाली.
दुसरा: डबा हलला. हॉबर्ट म्हणाला, वाऱ्याने.
तिसरा: पडला. सगळ्यांनी पाहिलं.
चौथा: नुसतं टुक. आवाज नाही, धक्का नाही. मी पुन्हा घोडा ओढणार इतक्यात मर्ना ओरडली, थांब, गोळी नळीत अडकलीय, वर दुसरी मारलीस तर हात जाईल. तिने रिव्हॉल्व्हर अलगद काढून घेतलं, रिकामं केलं. मग गाडीतून पितळी सळई आणि लाकडी हातोडी आणून ठोक ठोक करत गोळी बाहेर काढली. त्या पुंगळीत दारूच नव्हती, नुसत्या टोपीच्या ठिणगीने गोळी जेमतेम नळीपर्यंत सरकली होती. मी विचारलं, हे सामान तू कशाला बाळगतेस? म्हणाली, बाबांचं आहे, गेली नऊ वर्षं मीच वापरतेय.

मग तिने सहा डबे पाडले. काडतुसं तिची, तशाच कॉफीच्या डब्यातली.

घरी येताना आईने सांगितलं. बाबांची नजर अधू झाल्यापासून गोळ्या मर्नाच ओतायची. मला दिलेल्या डब्यातल्याही तिच्याच. आई म्हणाली, त्या दिवशी सांगणार होते, पण तू बोलू देशील तर. बाबांनी तुला दोनदा बोलावलं होतं रे शिकायला, दोन्ही वेळा म्हणालास, पुढच्या रविवारी येतो.

हे मला आठवत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार
रिव्हॉल्व्हर मी मनापासून मर्नाला दिलं. थोरल्याने मन मोठं ठेवावं. सासूबाई परत फळीवर.
बाबांनी बोलावलेलं आठवतं.

८ सप्टेंबर, रविवार
मर्नाचा फोन. म्हणाली, खाणीवर चाललेय, येतोस? पुंगळ्या वेचायला कुणीतरी हवं. मी 'पुढच्या रविवारी' म्हणणार होतो. म्हटलं नाही. गेलो.
छत्तीस बार, पस्तीस पुंगळ्या. मर्ना म्हणाली, सोड रे, एकीने काय होतंय. सोडली नाही. गुडघ्यांवर बसून सगळं गवत पालथं घातलं. बाबांची आठवण येत होती. फार वाईट वाटत होतं.
शेवटी सापडली. माझ्याच बुटाखाली होती.