दुखवट्याचं गिऱ्हाईक

१ जुलै
लागली एकदाची नोकरी! कळमनुरीत गोपीचंद शेठचं कापडाचं दुकान, चांगलं एसीवालं. साड्या उलगडणं हे माझं काम नाही, असं शेठने सगळ्या सेल्समनना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी खुर्चीवर बसायचं, गिऱ्हाइकांचे गट पाडायचे, मजकूर लिहायचा, तारीख-वेळ लावायची. मग मेसेज आपोआप जातात. लग्नाच्या बस्त्याचा गट वेगळा, डोहाळजेवणाचा वेगळा.
सेनगावकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावरून निघताना आई, माझी याडी, फार रडली. ताई सासरी गेल्यापासून घरात आई म्हणून तीच आणि लेक म्हणून मीच. आता ती एकटी. रात्री फोन केला तर म्हणते, "थंड हवेत बसून राहिली ना पोरी, मग मी काहून रडू?" मीच रडले मग.

५ जुलै
आषाढ. लग्नं नाहीत, दुकानात माश्या मारायच्या. बसल्या बसल्या मला सुचलं की लग्नं थांबतात, मरणं थोडीच थांबतात? मयताच्या घरी सोयरे दुखवटा घेऊन जातात, लुगडं, टॉवेल-टोपी. तेही कापडच की! बस्त्याच्या बिलावर दोन्हीकडच्या सोयऱ्यांचे नंबर असतातच. कुणी गेल्याचं कळलं की सोयऱ्यांना मेसेज टाकायचा: 'अमुक यांच्या दुःखद निधनानिमित्त आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. दुखवट्याच्या कपड्यांवर खास सवलत.' शेठ एवढा खूश झाला की त्याने स्पेशल चहा मागवला.
नमुना म्हणून मयताच्या जागी पद्माबाईचं नाव घातलं. काल खरेदीला आलेली ही बाई सगळ्यांदेखत मला "ए पोरी, पाणी आण" म्हणाली होती. वेळ उद्या सकाळी अकराची लावली. शेठला दाखवून पुसून टाकायचं आहे.

६ जुलै
पुसायचं राहिलं! अकराला मेसेज गेले आणि थोड्या वेळाने पद्माबाई स्वतः दुकानात हजर. "मी जिती हाय न् माझ्या भावाला माझा दुखवटा काहून कळवून राहिले तुमी?" मी मान खाली घालून ओठ चावत होते, हसू आवरेना.
संध्याकाळी कळलं, ती घरी जाऊन जेवायला बसली आणि ताटावरच कलंडली. गेली. तिचा भाऊ लुगडं घ्यायला आमच्याकडेच आला. शेठने त्याला सवलत दिली.

९ जुलै
शेठला हा योगायोग वाटत नाही. त्याने रूपसिंगचं नाव दिलं. हा म्हातारा कधीचा अंथरुणाला खिळलेला. "सुटंल बिचारा," शेठ म्हणाला. मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले. खरं सांगू? मलाही बघायचं होतं.
दिवस मावळायच्या आत म्हातारा सुटला.

१३ जुलै
दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शेठ रोज नाव देतो. आज त्याने एका अंगावर पाजणाऱ्या पोरीचं दिलं, कारण काय, तर तिचे सोयरे पुष्कळ! माझ्याने होईना.
मग मी युक्ती काढली. नावच द्यायचं नाही. मशीनला नियम घालून दिला: ज्याच्या नावावर वर्षभरात बिल झालं नाही, त्यातलं एक रोज आपलं आपण निवड. आता मी कुणाला मारत नाही. शेठ म्हणाला, "डोकं हाय पोरीला." आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१६ जुलै
नावं बघत नाही. तरी कानावर येतातच. कुणाचा नवरा, कुणाची सून.
नियम बंद करून पाहिला. सकाळी पुन्हा चालू. थांबत नाही. मेसेज गेल्यावरही दिवस मावळेपर्यंत नाव तेवढं बदलता येतं. आज एका बाळंतिणीचं आलं होतं, ते काढून एका म्हाताऱ्याचं घातलं. बाळंतीण वाचली.
म्हाताऱ्याच्या नातीने माझ्याकडूनच टोपी नेली. मला थँक्यू म्हणाली.

१७ जुलै
माझ्याच फोनवर मेसेज. माझ्या.
'मीराबाई यांच्या दुःखद निधनानिमित्त' — मीराबाई म्हणजे याडी. माझी याडी.
ताईचाही फोन, किंचाळत होती. तिच्या लग्नाचा बस्ता इथूनच नेलेला. बिल याडीच्या नावावर, खाली नंबर आम्हा दोघी बहिणींचे. त्यानंतर एक फडकं घेतलं नाही तिने स्वतःला.

घरी जायला सेनगावची जीप, तीही गेली. दुसरी कधी, कुणी सांगेना. फोन लावला. याडी हसतेय. "जिती हाव न् मी." खाटेवरून उठू नको म्हटलं. फोन ठेवू नको म्हटलं. स्पीकरवर ठेवलाय. ती बोलतेय तोवर लिहितेय.

नाव बदलायचं. कुणाचंही घालायचं —
तांड्यावरची जनकाबाई. शेजारची. याडी ऊसतोडीला गेली की मला कडेवर घेऊन फिरायची. तिचंच का? बोटाखाली तेच आलं. घातलं. मेसेज गेले.
याडी वाचली. वाचली.

याडी म्हणते जनकाबाईच्या अंगणात ओरडा काहून होऊन राहिला. म्हटलं, बघू नको. बस तिथेच.
उठली. फोन हातात आहे तिच्या, चप्पल वाजतेय —
कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरलाय म्हणते. जनकाबाई तारेला चिकटली. सोडवते म्हणते.
याडी हात लावू नको. याडी, तिला हात —