विहाराखालची राख

४ ऑगस्ट
आज चिमणीतून धूर नाही. कोळशाची गाडी अडकली असणार, नाहीतर संच दुरुस्तीला घेतला असणार. निवृत्त झालो तरी सकाळी गच्चीवर जाऊन आधी थर्मलची, म्हणजे आमच्या वीजकेंद्राची, चिमणी बघायची सवय काही जात नाही. मंगल म्हणते, "लोक सूर्य बघतेत, तुमी धूर बघा." तिचं बरोबर असतं. पण पेन्शन सूर्यानं दिलेली नाही.

धाकटा भाऊ मिलिंद चहाला आला. तोंड उतरलेलं. त्याचं राखेच्या विटांचं मशीन उभं आहे, राखच मिळत नाही. कोरडी राख सिमेंटवाल्यांच्या टँकरमधून परस्पर जाते, थर्मलच्या तळ्यातल्या ओल्या राखेला रांग. मी म्हटलं, जुने संच बंद पडले, कोळसा जळणं कमी झालं, राख येणार कुठून? तो हसला. "दादा, राख कुटं संपत असती का?"

गंमतच आहे. लहानपणापासून या राखेला शिव्या घालत आलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, दुधावर राख, जेवताना दाताखाली कचकच. फुकट न्या म्हणून थर्मलवाले मागे लागायचे. आता तिच्यासाठी रांगा.

९ ऑगस्ट
विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वाचन रोज संध्याकाळी. यंदा मंगल वाचते. आवाज खणखणीत, चष्मा मात्र माझा. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतो. मध्येच भिंतीपलीकडून फावड्याचा आवाज. एकसारखा. वाचन संपल्यावर मागे जाऊन पाहिलं तर मिलिंदची माणसं राख भरतायत. विहाराच्या मागची. मि. म्हणाला, "कशी सापडली बघा, एकदम कोरडी न् पिठासारखी."

सापडली म्हणे. हरवली कधी होती?

१० ऑगस्ट
डोक्यातून जात नाही म्हणून लिहून ठेवतो. इथं दगडाची खाण होती. थर्मल बांधायला लागलेला दगड इथलाच. दगड गेला, खड्डा राहिला, पावसाळ्यात त्यात पाणी. वस्तीतली दोन लेकरं बुडाली तेव्हा वडील आणि त्यांच्या वयाचे सगळे थर्मलच्या ट्रकवाल्यांच्या मागे लागले. तुमची राख आमच्या खड्ड्यात टाका. वर्षानुवर्षं टाकत होते. मग वर मुरूम टाकून धुम्मसानं ठोकला, आणि त्यावर श्रमदानानं विहार. दिवसा कामावर, संध्याकाळी विहारावर. आमचं घरही त्याच भरावावर, शेवटच्या कडेला.

म्हणजे आधी दगड काढून थर्मल उभं केलं. त्याच्या राखेनं खड्डा बुजवला. आता राख काढून परत खड्डा.

१७ ऑगस्ट
मि.शी भांडण. नीट सांगायला गेलतो, पण माझं नीट सांगणं दुसऱ्या वाक्याला संपतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, पायाखालची राख काढतोस, अक्कल गहाण ठेवलीस का?

"पाया लई लांब हाय दादा. दहा पावलं सोडून खांदतोय."

आज दहा. उद्या?

मग तो बोलला ते लागलं. "तुमी जन्मभर थर्मलमधी बसून कोळसा जाळला. तवा कुणी इचारलं न्हाई, संपल्यावर काय? आमी तुमच्या मागची राख इकतोय, तर आमालाच अक्कल कावून?"

मी चपला घालून घरी आलो. 

२४ ऑगस्ट
दोन दिवस संततधार. आज वाचनाला गेलो तर मागच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली एक तडा. केसाएवढा. गौतमकाका, म्हणजे विहार समितीचे सगळ्यात वडीलधारे, म्हणाले गिलावा जुना झाला. असेल.

सिरसाळ्याला जाऊन काचेच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या. टर्बाइनच्या पायाला आम्ही अशाच लावायचो. तड्यावर आडवी काच, दोन्ही टोकांना सिमेंट. भिंत गप असली तर काच शाबूत. भिंत सरकली तर काच आधी सांगते. एक पट्टी लावली, वर तारीख टाकली. लहान पोरांना वाटलं मी आरसा लावतोय.

२ सप्टेंबर
काच शाबूत.

राख मात्र आता मि. एकटा काढत नाही. वस्तीतल्या दारादारात पोती भरून ठेवलेली. परवापर्यंत जो तो अंगणात राख उडते म्हणून कुरकुरत होता. आज तोच अंगण खांदतोय. मि. सगळ्यांची विकत घेतो, मशीन दिवसभर सुरू. आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. राख विकणाऱ्यांच्या घरी पोळ्या होतात, माझ्या घरी डोकेदुखी.

थर्मलमध्ये जुन्या सोबत्याला भेटलो. तो म्हणतो, कोळशात आता कोळसा कमी अन् दगड जास्त. वरचा चांगला केव्हाच जळून गेला. आता जे येतं ते खाणीच्या तळातलं. दिवसभर ऐकून आल्यावर घरी तीच चर्चा. तळ.

६ सप्टेंबर
गौतमकाकांनी जाहीर केलं: मिलिंदकडून विहाराच्या कुंपणाला लागतील तेवढ्या विटा दान. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मि. हात जोडून उभा. मनापासून दिल्यात, यात शंका नाही. धाकटा असला तरी दिलदार आहे, लहानपणापासून स्वतःच्या ताटातलं द्यायचा.

विटा विहाराच्या दारात रचून ठेवल्या आहेत. करड्या, सुबक, काटकोनात. कुठल्या राखेच्या ते सगळ्यांना माहीत आहे. मीही टाळ्या वाजवल्या. काय करणार होतो?

११ सप्टेंबर
पुण्याहून लेकीचा फोन. ती सोलरच्या कंपनीत. सगळं सांगितलं. म्हणाली, "पप्पा, कोळसा नसला तरी ऊन आहे ना." मी म्हटलं, ऊन आहे गं, पण ते पकडायला तांबं लागतं, चांदी लागते, ते कुठून येतं? खाणीतूनच. तीही एक दिवस रिकामी होणारच.

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खड्डाच दिसतो."

दिसतो. आमचं घर खड्ड्यावर आहे बाळा. हे बोललो नाही. उगाच ती रात्रभर जागेल.

१९ सप्टेंबर
काच तडकली. मधोमध, सरळ. तड्यात आता पोस्टकार्ड जातं.

मि.ला बोलावून दाखवली. त्यानं तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मांजरानं पाडली असंल." काच भिंतीला चिकटलेलीच आहे, पडली कुठं? त्यालाही दिसत होतं. घाबरलेला माणूस मांजरावर ढकलतो, एवढं मला कळतं. संध्याकाळी त्याची माणसं परत फावडी घेऊन. दहा पावलांची सहा झालीत.

त्याची घाईही समजते. दिवाळी झाली की मशीनवरची जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांना इथं बांधून ठेवायचं तर हाताला काम पाहिजे. कामाला राख पाहिजे. राख

वाक्य पुरं करवत नाही.

२५ सप्टेंबर
आश्विन पौर्णिमेला वाचनाची सांगता, म्हणून विहाराला रंग. माझी काच खरवडून काढली. तड्यात सिमेंट भरलं, वरून पांढरा रंग. गौतमकाका म्हणाले, "पाहुणे येणार, ते कसं दिसल?" आता भिंत छान दिसते. भीती वाटते तिची.

मंगल त्याच भिंतीला पाठ करून वाचायला बसते. मी म्हटलं, जागा बदल, दाराजवळ बस. मी स्वतः आठवडाभर दारातच बसतोय, पायाचं दुखणं सांगून.

तिनं चष्मा काढला. "दारात बसून कसली राखण करता? मला एकटीला हलवून काय उपयोग, आत पन्नास बाया असत्यात. बोलायचं तर आत येऊन समद्यांपुढं बोला. न्हाई तर गप बसा."



७ ऑक्टोबर
बोललो.

सांगता झाली, खीर व्हायची होती. उभा राहिलो आणि भिंतीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. खाण, वडिलांचं श्रमदान, काच. ओरडलो नाही, ही मंगलची साक्ष.  मि. खाली बघत होता. मग मशीनवर काम करणारी एक बाई उठली, पोरगं कडेवर. रागानं नाही, साधं विचारावं तसं विचारलं, "मंग राख कुटून आणायची भाऊ, ते बी सांगा."

 थर्मलमध्ये जन्म गेला, कोणत्या संचाला किती कोळसा ते झोपेतही सांगेन. हे सांगता आलं नाही. कुठूनच नाही, हे त्या पोराकडे बघून कसं म्हणायचं?

शेवटी गौतमकाकांनी ठरवलं, विहाराच्या मागं एक फावडंही पडणार नाही. आधी हात मि.नं वर केला. मला रडू आलं. खीर खाताना तो शेजारी येऊन बसला. लहान असताना बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून.

 घरी येताना मंगल माझ्या बाजूनं चालली.

१२ ऑक्टोबर
विहारामागं चार दिवस शांतता. मि.नं खड्ड्यात मुरूम टाकून घेतला. मशीन बंद. आवाज नसला की स्वयंपाकघर मोठं वाटतं. चिमणीही आज परत कोरी.

दुपारी मि. आला. चहा घेतला नाही, नुसता कप धरून बसला. मग म्हणाला, "दादा, एक इचारू? आपल्या परसात खाली राखच हाय. परस दोघांच्या नावावर. विहाराला धक्का न्हाई. तेवढी काढू द्या, दिवाळीनंतर बी काम राहील. न्हाई तर माणसं कोयत्यावर जातील, लेकरं बी संगं जातील."

मंगल ओट्याशी पाठमोरी. तिचे हात थांबले.

नाही म्हणायला तोंड उघडलं. कडेवरचं पोरगं डोळ्यापुढं. सगळ्यांसमोर मोठं भाषण ठोकलेला मी, माझ्याच दारात आलेल्या भावाला म्हणालो, "इचार करून सांगतो."

तो उठला. त्याला वाटलं मी हो म्हणालो. तसंच असेल.

तो गेल्यावर माळ्यावरून उरलेली काचेची पट्टी काढली. थोडं सिमेंट कालवलं आणि परसाकडच्या भिंतीला, ओट्याच्या वर लावली. आजची तारीख टाकली.

मंगल बघत होती. "भिंतीला तडा न्हाई. काच कावून?"