खाणीतलं निळं पाणी

शुक्रवार, संध्याकाळ

दुपारी आबांचा फोन आला. कान्हे गावच्या जुन्या दगडखाणीला लागून त्यांचं शेत आहे. म्हणाले, "पोरी, रविवारी आमच्या खाणीत पोहायचा कार्यक्रम हाय, असं तुज्या ॲपवर लिवलंय म्हनं. वरून पानी शांत दिसतं, पर आत लय खोल हाय. मागं दोघं उतरलेते, वर आलेच न्हाईत."

मी बनवलेलं ॲप, मावळातले कार्यक्रम दाखवणारं. ह्या पोहण्याच्या कार्यक्रमाला आयोजकाचं नाव नव्हतं, तरी मंजुरी मीच दिली. का दिली? ॲप रिकामं दिसू नये म्हणून. आणि फोटो सुंदर होता, निळं पाणी.

तो कार्यक्रम लगेच ॲपवरून काढून टाकला, नाव नोंदवलेल्यांना रद्द झाल्याचं कळवलं. पण तो निळ्या पाण्याचा फोटो तोवर रविवारच्या निमंत्रणासकट व्हॉट्सॲपवर फिरत होता. तिथून कसा काढणार?

स्कूटर काढून कान्ह्याला गेले. आबांनी आणि मी वाटेवर बाभळीच्या फांद्या ओढून टाकल्या. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं आले, रविवारच्या आधी पाणी बघायला. रद्द झालंय म्हटलं, तर एकानं फोन पुढे धरला. "मॅडम, ह्यात तर आहे."

आबांनी त्यांना कसंबसं परत पाठवलं. रविवारी उजाडायच्या आत मी इथे येऊन बसते, असं मी म्हटलं.

आबांनी शेवटची फांदी वाटेत सरकवली. मग म्हणाले, "बस. पर पलीकडनं अजून एक वाट हाय."