गुप्त मतदानात माझी हकालपट्टी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात, माझ्या खोलीत आडवं पडलं की दार उघडत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचं घोरणं कमी झालं, की तुलाच ऐकू येईनासं झालं?

मला नोकरी लागली होती. 'होती' का, ते सांगतो. नव्याने या देशात आलेल्या आपल्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग आहे. बाई इंग्रजीतून शिकवणार, मी तेच आपल्या भाषेत उलगडणार. नुसती भाषा नाही, तर रांग कशी धरायची, शेजाऱ्याकडे न विचारता का जायचं नाही, मत कसं द्यायचं, सगळंच. (शेजाऱ्याच्या धड्यावरून मी एका बोटीवरच्या आचाऱ्याच्या गोष्टीवर घसरलो, ते तास संपेपर्यंत. असं बऱ्याचदा होई.)

मग मतदानाचा धडा आला. मी म्हटलं, लुटूपुटूची निवडणूक कशाला, खराच प्रश्न घेऊ: मला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही? बाई म्हणाल्या, "विचार करा." तो मी कधी केलाय? मत गुप्त असतं, भीड ठेवायची नाही, असं घसा फोडून सांगितलं. चिठ्ठ्या उघडल्या तर एक सोडून सगळ्या विरोधात (ती एक कुणाची, विचारू नकोस), आणि विरोधातल्या प्रत्येकीवर कोपऱ्यात नाव. नाव नसलेला कागद बाई तपासतच नाहीत ना. रोज मला डबा आणणाऱ्या शिंपीणकाकूंनी तर खाली सहीही ठोकलेली.

"काकू, डबा आणता आणि मत विरोधात?"

"डबा तू उपाशी असतोस म्हणून. मत तू शिकवत नाहीस म्हणून."

मग हेच त्यांनी उभं राहून बाईंना इंग्रजीत सांगितलं, न अडखळता. वर्षभर ज्यांच्या तोंडून 'येस'पलीकडे काही निघालं नव्हतं, ते एकेक उठून माझ्याविरुद्ध बोलू लागले. बाईंचे डोळे भरून आले. (निम्मं मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे सगळ्यांना दिसलं.) शेवटी काकूंनीच तोडगा काढला आणि हात वर करून तो मंजूर झाला: याला विद्यार्थी म्हणून घ्या. सध्या मी त्यांच्याच बाकावर बसतो. डबा चालू आहे.

तुझा भाचा

ता. क. वर्गात नाव घालायचं तर हा वर्षभर टिकेल असं नात्यातल्या कुणीतरी लिहून द्यावं लागतं. तू दे, नाहीतर बाकही जाईल. बाबांना सांगू नकोस, ते खरं लिहितील.

आणखी एक. जरा लगेच पाठव. बंदरात एका जहाजावर रंगारी हवेत, आणि ते गुरुवारी सुटतंय.